एकशे अठरा चांगले दिवस

माझ्या दादाच्या हातात पुस्तक दिलं की तो ते वाचत नाही. आधी पाठ दाबून बघतो, मग मधोमध उघडतो, मग कानाजवळ नेऊन अंगठ्याने पानं फर्रकन सोडतो आणि सांगतो, "शिलाई ढिली आहे," नाहीतर, "खळ जास्त झाली." आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चौथी झाल्यावर तो बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला. आता दुकान त्याचं स्वतःचं आहे, पण वाचणं चौथीतच राहिलं. एक पान वाचायला घेतलं की चहा गार होतो. आकड्यांचं मात्र वेगळं. हजार पानांच्या गठ्ठ्यात एखादा आकडा गळला असेल तर त्याच्या बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर.

मी त्याची धाकटी बहीण. शाळा नववीत सोडली. कोणी काढलं नाही, मीच सोडली. बाकावर बसून बसून माझे पाय दुखायचे. घरात सगळ्यांनी तोंडसुख घेतलं, दादाने एवढंच विचारलं, "उद्यापासून दुकानात येतेस का?" त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या बाजूने कोणाशीही भांडेन, आधीच सांगून ठेवते. घड्या घालायच्या, पानं लावायची आणि तयार माल सायकलवरून पोचवायचा, हे माझं काम. मी सारखी रस्त्यावर असते म्हणून दादा मला टपाल म्हणतो.

खाली दुकान आणि वर दोन खोल्या. दुकानात शिरलं की समोर कटिंग मशीन, लोखंडी, जुनं, मोठ्या चाकाचं. चाक फिरवलं की पातं खाली येतं आणि अख्खा गठ्ठा एका घावात कापला जातो. डाव्या हाताला पुस्तकं दाबायचा शिकंजा, उजवीकडे खळ शिजवायची शेगडी, आणि खाली सगळीकडे कागदाच्या पट्ट्या. झाडू मारला तरी त्या पुन्हा उगवतात.

दादाचा नियम एकच. खराब पान दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. डाग पडलेलं, दुमडलेलं, फाटलेलं, कसलंही असो, शिलाई उसवायची, ते पान काढायचं आणि पुस्तक पुन्हा बांधायचं. एकदा एका शाळेची तीनशे हजेरीबुकं पोचवून झाली, आणि जेवताना याचा घास हातात थांबला. एका बुकात एक पान उलटं गेल्याचं आठवलं म्हणे. तसाच भर दुपारी निघाला. शाळेतला कारकून म्हणाला, "अहो, कोण बघतंय?" दादा म्हणाला, "मी बघितलं ना." तीनशेतलं ते एक बुक शोधून काढलं आणि काखेत मारून घरी आला. वहिनी म्हणाली, "लग्नाच्या दिवशी मला एवढं नीट बघितलं असतंत तर बरं झालं असतं." वहिनी अशीच आहे. एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, सकाळी सातला बाहेर पडते, आणि दिवसभर तोंड बांधून काम असतं म्हणून घरी आल्यावर सगळं बोलून घेते.

आणि मग आमचे साहेब.

साहेब म्हणजे दादाची मुलगी. नऊ वर्षं पूर्ण, दहावं चालू. घरात सगळं तिच्या हुकमाने चालतं म्हणून साहेब. दुधाचा पेला कुठला, पंखा किती वर, कोणी कुठल्या पायरीवर थांबायचं, सगळं ठरलेलं. साहेब बोलत नाहीत. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं, मोठ्या कागदावर लिहूनही दिलं. दादाने तो कागद हातात घेऊन बोटांनी चाचपला आणि म्हणाला, "कागद चांगला वापरतात." दुसरं काय बोलणार होता बिचारा.

तीन शाळा झाल्या. तिन्ही शाळांनी आधी "बघू या" म्हटलं आणि नंतर चिठ्ठी दिली. चिठ्ठी मीच वाचून दाखवायचे. तिन्ही चिठ्ठ्या एकाच बाईने लिहिल्यासारख्या, सुरुवात ठरलेली: आपली मुलगी गोड आहे, पण. त्या "पण"च्या पुढे मग यादी. अमुक दिवशी चावली, तमुक दिवशी डोकं आपटलं, अमक्या दिवशी वर्ग सोडून पळाली. वाईट दिवस तारखेनिशी लिहिलेले असायचे, चांगला एकही नसायचा.

लोकांना वाटतं हिला सुख नावाची गोष्टच कळत नाही, कारण ही हसत नाही. शेजारचा शिंपी एकदा बोललाच, "हिला काय, सगळं सारखंच." मी त्याच्याशी वर्षभर बोलत नव्हते. सगळं सारखं? ही पोर खुश झाली की अख्ख्या दुकानाला कळतं, फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे. ती टेबलाखाली पालथी झोपते. दादा तिच्या पाठीवर कोऱ्या कागदाचे दोन दस्ते ठेवतो, कधी तीन. वजन बरोबर झालं की तिच्या पायाची बोटं पसरतात, गाल फरशीला टेकतो आणि नाकातून एकच सूर निघायला लागतो. तेवढा वेळ दादा कटिंग मशीनला हात लावत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

पण ते अर्धा तास, फार तर पाऊण. बाकीचा दिवस असतोच. समोर मोटार सुरू झाली, कोणी पायरी चुकलं, दुधावर साय आली, की संपलं. आणि खाली पातं असलेलं मशीन. वहिनी कारखान्यात, मी सायकलवर. दादा एका हाताने गठ्ठा धरायचा आणि दुसऱ्या हाताने लेकीचा फ्रॉक. तसं काम होत नाही. तसं काही होतच नाही.

त्यात ते केंद्र मिळालं. आमच्यापासून चालत अर्ध्या तासावर. असल्या मुलांसाठीच, दिवसभराचं, एका संस्थेने चालवलेलं. जागा मोजक्या. त्यांनी चौदा मुलं सहा महिन्यांसाठी घेतली आणि सांगितलं, सहा महिन्यांनी यातली तीन कायम राहतील.

तिथे काही जादू नव्हती हो. एक कोपरा होता, पडदा लावलेला. जड गोधडीसारखं पांघरूण होतं. तिथली बाई अंगाला हात लावायच्या आधी आपला तळवा समोर धरून थांबायची. आणि सगळं रोज त्याच वेळेला. आठ चाळीसला दप्तर खुंटीला, खुंटी नंबर सात. सातशिवाय दुसऱ्या खुंटीला साहेबांनी कधी दप्तर लावलं नाही, आणि ती सात नंबरची खुंटी दुसऱ्या कोणाला कधी दिली गेली नाही. दोन महिन्यांत ती पहाटेपर्यंत सलग झोपायला लागली. एकाच्या जागी तीन पदार्थ खायला लागली. चौथ्या महिन्यात वहिनी एका रविवारी दुपारी झोपली आणि कोणी उठवलं नाही म्हणून संध्याकाळी घाबरून उठली. "काय झालं, कुठंय ती?" दादा म्हणाला, "साहेब टेबलाखाली आहेत. तू झोप." वहिनी तशीच पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "झोपायचं कसं ते विसरले की काय मी."

सुरुवातीलाच केंद्रातल्या मोठ्या बाईंनी सगळ्या पालकांना सांगितलं होतं, वही ठेवायची. रोज एक पान. आज मूल केव्हा खुश होतं, कशावरून कळलं. केव्हा त्रास झाला, कशामुळे. जसं घडलं तसं लिहायचं. शेवटी एक समिती सगळ्या वह्या बघणार. आता ती तीन मुलं कशी निवडणार, हे आम्ही विचारलं नाही. परीक्षेत पास कोण होतं, हे काय विचारायचं असतं?

वही दादाने बनवली. लिहायचं काम माझ्याकडे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लिहिलं खरं. पानाच्या डोक्यावर तारीख, मग मजकूर. "आज दुपारी तीनला खुश. कशावरून: बिजागरीवर बोट ठेवून दार हलवत होती आणि गुणगुणत होती. वीस मिनिटं. वाईट काही नाही." असं एक पान. आणि दुसरं असं: "आज साडेचारला वाईट. कशामुळे: समोरचं शटर दुरुस्त करायला माणूस आला. डोकं भिंतीवर अकरा वेळा. मी मोजलं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं."

वाईट दिवशी वहीचेही हाल व्हायचे. साहेबांचा राग मी लिहीत असताना वहीवर निघायचा. पानाचा कोपरा चावलेला, मधून टरकावलेलं, दूध सांडलेलं. एक पान मी दवाखान्याच्या बाकावर लिहिलं. वहिनीच्या अंगठ्याला पाच टाके पडत होते आणि पेन गळत होतं. साहेबांनी अंगठा तोंडात धरला होता, आणि वहिनीने ओढून घेतला नाही, कारण ओढला तर पोरीचे दात दुखावतील. हे मी लिहिलं होतं. अगदी याच शब्दांत.

वही द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी दादाने ती हातात घेतली. पाठ फुगलेली, कोपरे कुरतडलेले, मधली पानं चिकटलेली.

"ही अशी द्यायची?"

"लिहिलेलं वाचणारेत ते. वही बघणार नाहीत," मी म्हटलं.

"बाइंडरच्या घरातून ही अशी वही जाणार?" त्याने पानं सोडून बघितली, अडकत अडकत आवाज आला. "लोक काय म्हणतील? मुलगी सांभाळता येत नाही आणि वहीसुद्धा नाही."

मला दोन पार्सलं पोचवायची होती. मी गेले. चार वाजता परत आले तर टेबलावर नवी वही. निळं कापड, पाठ सरळ, कोपरे असे की बोट कापेल. मी हातात घेतली.

"पातळ झाली रे."

"कडा घेतल्या तिन्ही बाजूंनी."

"कडा घेतल्या तर रुंदी कमी होईल. जाडी कशी कमी होईल? चार वर्षं काम करतेय मी इथे, वेडी समजतोस?"

तो शेगडीवरचं भांडं खरवडत होता. मान वर केली नाही. "खराब पानं काढली."

मी उघडली. डोक्यावरच्या तारखा गेल्या होत्या. वरून अर्धा इंच कापला होता त्याने. पावतीबुकांवर नंबर मारायचं आमचं छोटं मशीन आहे, त्याने कोपऱ्यात ओळीने नंबर मारलेले. एकपासून एकशे अठरापर्यंत, एकही वाकडा नाही. माझ्या हिशोबाने पानं होती एकशे अठ्ठ्याहत्तर.

"एवढी वाचलीस कधी तू?"

"वाचायची कशाला? खराब पान हाताला कळतं."

मी भराभर चाळली. शटरवाला दिवस नाही. पायरीवरून लोळली तो दिवस नाही. अंगठ्याचा नाही. कागदावरचा डाग बघून त्याने पानं काढली होती, आणि डाग बरोबर वाईट दिवशीच पडले होते. जे उरलं ते सगळं बिजागरी, दस्ते, गुणगुणणं, वीस मिनिटं, तीस मिनिटं. वाचताना मलाच वाटलं, काय सुखी पोरगी आहे.

"दादा, बाई म्हणाल्या होत्या जसं घडलं तसं..."

"तीन शाळांनी काय लिहून काढली तिला?" आता त्याने वर बघितलं. "तूच वाचून दाखवलंस ना मला. अमुक दिवशी हे, तमुक दिवशी ते. परत तेच त्यांच्या हातात द्यायचं? आपल्याच हाताने लिहून, बांधून?"

खरं सांगायचं तर मला ते पटलंच. मी म्हटलं, "भारी झालीय वही." काढलेली पानं कातरणाच्या पोत्यात गेली होती, आणि पोतं नेहमीच्या भंगारवाल्याने साडेतीनलाच उचललं होतं. वहिनीला आम्ही काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही.

बारा दिवसांनी बोलावणं आलं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. नखांतली खळ सुईने काढली. मी बरोबर गेले, कारण कागद वाचायचा असेल तर मी लागते.

मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर वह्यांचा ढीग होता आणि सगळ्यात वर निळी वही. बाई चांगल्या आहेत, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

"बसा. तुमची वही आम्ही सगळ्यांनी वाचली. एवढी आनंदी नोंद आमच्याकडे आजवर आली नव्हती. मूल कशात खुश असतं हे इतकं बारीक कोणी बघत नाही हो. तुमची परवानगी असेल तर ही इतर पालकांना दाखवायला ठेवून घेऊ का?"

दादा लाजला. माझा एवढा मोठा दादा, मान खाली घालून हसला. "ठेवा की. बांधणी घरचीच आहे."

"म्हणजे जागा मिळाली ना?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "जागा तीनच होत्या. समितीचा नियम असा की ज्या घरात काहीच चालत नाही, जिथे मूल आणि माणसं दोघंही अगदी टेकीला आलीत, त्यांना आधी. तुमच्याकडे घरीच इतकं छान चाललंय. तिला आमची गरज सगळ्यात कमी आहे, असं सगळ्यांचंच मत पडलं. ही कौतुकाची गोष्ट आहे."

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. त्याला वाक्य पोचायला वेळ लागतो. मला लागत नाही. मी उभी राहिले आणि सगळं ओकले. साठ पानं, नंबरचं मशीन, वरून कापलेला अर्धा इंच, अंगठ्याचे टाके, सगळं. माझा आवाज बाहेर गेला असणार, कारण दारात कोणीतरी येऊन परत गेलं.

बाईंनी निळी वही जवळ ओढली. उघडली. कोपऱ्यातले नंबर बोटाने बघत गेल्या. आकडे ओळीत होते, अर्थातच.

"पण का?" त्या दादाकडे बघत म्हणाल्या. "आम्ही तर त्यासाठीच..."

"खराब होती," दादा म्हणाला. "पानं खराब होती."

"आता लिहून देते मी," मी म्हटलं. "इथेच बसून. साठच्या साठ आठवतात मला."

"तुम्ही आता लिहिलेलं समिती कसं धरेल? आणि पत्रं गेली. ती तीन मुलं सोमवारपासून कायमची झाली. मी कोणाला उठवून हिला बसवू, सांगा?"

"पुढच्या वेळी?"

"पुढची निवड दोन वर्षांनी. आणि दहाच्या वरचं मूल आमच्याकडे घेत नाहीत." हे त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं. मग एका चिठ्ठीवर दुसऱ्या शहरातल्या केंद्राचा नंबर लिहून दिला. तिथे मी नंतर फोन केला. नाव लिहून घेतलं. अजून रोज लिहूनच घेतायत बहुतेक.

मला भांडायचं होतं. त्या तीन मुलांपैकी एकाला तरी बाहेर काढायला लावेन, असं डोक्यात घेऊन मी दार उघडलं. बाहेरच्या बाकावर एक बाई मुलाला मांडीत घेऊन बसली होती. तिच्या हातात जागा मिळाल्याचं पत्र होतं, म्हणजे त्या तिघांतला एक तो. तिने बाह्या खालपर्यंत ओढल्या होत्या, तरी मनगटापाशी दिसतच होतं. जुने वळ, त्यावर नवे. तिची वही कशी असेल ते मला न बघता कळलं. तिने ती तशीच दिली असणार, फाटकीतुटकी, कारण तिला बांधता येत नाही. माझं तोंड उघडलं होतं ते मी मिटलं.

दादा म्हणाला, "चल, टपाल."

वहिनीला संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं ती आरडाओरडा करेल. तिने पदराने हात पुसले आणि विचारलं, "माझ्या अंगठ्याचं पान?"

दादा नखाने टेबलावरची वाळलेली खळ खरवडायला लागला.

"तेपण काढलंत?"

"त्यावर शाई सांडली होती," दादा म्हणाला.

"म्हणजे ते झालंच नाही." तिने अंगठा वर करून बघितला, जणू टाक्यांच्या खुणा आहेत की नाही याची खात्री करून घेत होती. "अहो, तुम्हाला माझी पण लाज वाटली का हो? तिची वाटली, आणि माझी पण?"

"लाज नाही गं..."

"मग काय?"

मी सांगायला गेले, "वहिनी, दादाने चांगल्यासाठीच..." तर ती माझ्याकडे वळली. "वन्सं, तू गप. तू लिहिलंस ना? तुला तरी कळायला पाहिजे होतं. वाचता येणारी तू एकटी आहेस ना या दुकानात?"

खरं आहे ते. दादाला धड वाचता येत नाही, मला येतं. दुपारी चार वाजता ती वही माझ्या हातात होती. कोणी विचारलं चूक कोणाची, तर मी हेच सांगते, आणि दादा दर वेळी मध्ये पडून म्हणतो, "कापली मी." त्यावरूनही आमची भांडणं होतात.

साहेबांना यातलं काही सांगता येत नाही. कसं सांगणार? सहा महिने रोज आठ वाजून दहा मिनिटांनी निघायचं, आठ चाळीसला खुंटी नंबर सात. ते एकदम बंद. पहिल्या सोमवारी ती आठ दहाला दप्तर घेऊन दारात उभी राहिली. आम्ही थांबलो. नऊला ती अजून तिथेच होती. साडेनऊला तिने कपाळ चौकटीवर आपटायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी आम्ही दप्तर लपवलं, तर शोधताना स्वतःचंच मनगट चावून ठेवलं. दप्तर परत दिलं.

मग दादा तिला घेऊन निघायला लागला. दुसरा उपायच नव्हता. चालताना ती बरी असते, एक पाय पुढे एक पाय मागे, स्वतःशीच. मीही जाते. फाटकाशी बाकीची मुलं आत जातात. ही पण जायला बघते. रखवालदार मामा आडवा हात धरतो. तिला हात आडवा का आला ते कळत नाही. काल तर नव्हता. मग ती रस्त्यावरच पालथी पडते आणि ओरडते. दादा तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवर आपला अख्खा हात दाबून ठेवतो, दस्त्यांसारखा. उपयोग होत नाही. हाताचं वजन ते कितीसं. एका माणसाने मोबाइल काढला होता, मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले, त्याने खिशात घातला.

तळवा दाखवणारी ती बाई पहिल्या आठवड्यात दोनदा बाहेर आली. दोन्ही वेळा डोळे पुसत आत गेली. मग यायची बंद झाली. मी तिला नावं ठेवत नाही. आधीची आठ आणि ही नवी तीन, तिच्याकडे आत अकरा आहेत.

घरी तिची झोप पुन्हा पहिल्यासारखी झाली. खाणं तीनवरून एकावर. पाठीवर दस्ते ठेवले की ती आता ते ढकलून देते. दादाने चार ठेवून बघितले, एक ठेवून बघितला, पातळ कागद, जाड कागद. ती उठून दाराकडे जाते. कटिंग मशीनचं चाक त्याने साखळीने बांधलंय. दोन तास काम होतं, वहिनी आल्यावर. शाळेवाल्यांनी यंदाची हजेरीबुकं दुसरीकडे दिली.

मोठ्या बाईंनी रस्त्यात गाठून सांगितलं, "थोडं सोसा. मुलं विसरतात. महिन्याभरात ही सवय मोडेल." दादाने मान हलवली. बाई गेल्यावर मी म्हटलं, "साहेब कधी काही विसरलेत?" तो म्हणाला, "नाही."

परवा मामाने दादाला बाजूला घेतलं. "रागावू नका, मला आतून सांगितलंय. साडेआठ ते नऊ तेवढं इकडे आणू नका पोरीला. आतली मुलं घाबरतात, त्यांचा दिवस बिघडतो."

"हो का?" मी म्हटलं. "त्यांचा दिवस बिघडतो?"

"टपाल, गप बस," दादा म्हणाला. आणि मामाला म्हणाला, "बरं. नऊनंतर आणतो."

आता नऊ कोणाला कळतात? आठ दहाला ती दारात. दादा तिला घेऊन निघतो आणि फाटकाकडे न वळता पुढे जातो. ती त्याचा शर्ट मागे ओढते, रस्ता चुकला म्हणून. तो तिला अख्ख्या वस्तीभोवती फिरवतो, एकदा, दोनदा, तीनदा. नऊ वाजले की फाटकाशी आणतो. तेव्हा फाटक लावलेलं असतं, रस्ता रिकामा. ती दोन्ही हातांनी गज धरून उभी राहते. दादा तिचं दप्तर धरून मागे उभा. पाऊण तास, कधी तास. थकली की तीच हात सोडते. मग आम्ही परत येतो.

आज एकेचाळिसावा दिवस होता. उद्या आठ दहाला ती दारात असेल, आणि दादा चपला घालेल.